रोग जडल्यानंतरची लस

लस ही रोग येण्यापूर्वीं टोंचून घ्यावयाची असते, हें आज शाळेंतील लहान मुलासही ठाऊक असतें. घटसर्प, धनुर्वात, गोवर यांच्या लसी म्हणजे शत्रु वेशीबाहेर असतांनाच केलेली तटबंदी होय. मग शत्रु वाड्यांत शिरून ठाण मांडून बसल्यावर लस टोंचण्यांत काय हंशील, असा प्रश्न कोणीही समंजस मनुष्य विचारील. प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे; आणि तो एका अशा रोगाच्या संबंधानें कीं, ज्यावर उत्तम औषध आहे, परंतु तें औषध जन्मभर दररोज घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. हा रोग म्हणजे एचआयव्ही या विषाणूचा संसर्ग. औषधोपचार न झाल्यास या संसर्गाची जी शेवटची अवस्था येते तिला एड्स म्हणतात. हा विषाणु शरीरांत असूनही औषधावांचून काबूंत राहावा, अशी लस तयार करण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ जवळ जवळ चाळीस वर्षें करीत आहेत. तिला आपण उपचारलस म्हणूं. ती अद्याप हातीं लागलेली नाहीं. परंतु न लागलेल्या शोधांचाही एक इतिहास असतो, व तो लागलेल्या शोधांच्या इतिहासाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, अभ्यासण्याजोगा असतो, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

रोग शरीरांत शिरल्यावर लस देण्याची कल्पना मात्र नवी नाहीं. १८८५ सालीं जुलैच्या ६ तारखेस पॅरिस येथें लुई पाश्चर यांच्याकडे अल्सास प्रांतांतील जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन त्याची आई आली. दोन दिवसांपूर्वीं त्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्यानें ठिकठिकाणीं चावे घेतले होते. रोगट सशांचा मज्जारज्जु वाळवून, त्यांतील विष दुर्बळ करून पाश्चर यांनीं लस तयार केली होती. ती त्यांनीं या मुलास दहा-अकरा दिवसांत तेरा वेळां टोंचविली, आणि मुलगा वांचला. हें साधलें कसें? पिसाळलेल्या कुत्र्याचें विष जखमेंतून मेंदूकडे मज्जातंतूंच्या वाटेनें सावकाश जातें. तें पोंचण्यास कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या अवधींत लस शरीराला सावध करते. म्हणजे ही एक शर्यतच होय, व लस वेळेवर मिळाल्यास ती शरीर जिंकतें. आपल्या देशांत ही लस देण्याची पहिली संस्था १९०० सालीं कसौली येथें निघाली.

दुसरें उदाहरण इतकें सुखाचें नाहीं. क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख यांनीं १८९० च्या ऑगस्टमध्यें बर्लिन येथील वैद्यकीय परिषदेंत आपणांस क्षयावर गुणकारी द्रव्य सांपडल्याचें सूचित केलें. पुढें त्यास ट्युबर्क्युलिन हें नांव मिळालें. जगभरचे क्षयरोगी बर्लिनकडे लोटले. आर्थर कॉनन डॉईल, म्हणजे शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारे तेच, स्वतः डॉक्टर होते. तेही बर्लिनला जाऊन आले व लोकांनीं फार आशा धरूं नये असें त्यांनीं लिहिलें. झालेंही तसेंच. टोंचल्यावर रोग्यास ताप भरे, शरीर खवळून उठे. परंतु क्षय बरा होत नसे, व कित्येकांची प्रकृति अधिकच ढांसळली. तें द्रव्य आज क्षयाचें औषध म्हणून नव्हे, तर शरीरास क्षयजंतूची ओळख झाली आहे कीं नाहीं हें पाहण्याच्या चांचणीसाठीं वापरतात. शरीर खवळलें म्हणजे रोग हटला असें नव्हे, ही गोष्ट वाचकांनीं येथेंच ध्यानांत ठेवावी. कारण शंभर वर्षांनंतर तीच पुन्हां आपल्यासमोर येणार आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १९८१ सालीं जूनच्या ५ तारखेस अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रांत लॉस एंजलिस येथील पांच तरुण रोग्यांची हकीगत छापून आली. सशक्त मनुष्यास सहसा न होणारा फुप्फुसाचा एक विकार या पांचांना झाला होता. १९८३ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील फ्रांस्वाज बारे-सिनूसी, ल्यूक मॉन्तान्ये व त्यांचे सहकारी यांनीं त्यामागील विषाणु शोधून काढला. त्याबद्दल या दोघांना २००८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आपल्या देशांत हा विषाणु प्रथम १९८६ मध्यें मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, येथें आढळला. तेथील मेडिकल कॉलेजांतील डॉ. सुनीति सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनीं रक्ताचे नमुने गोळा केले, व ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत तपासले असतां त्यांपैकीं कांहींत विषाणूच्या खुणा मिळाल्या. सुनीतिबाई या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईस स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला होता. रोग्यांना दवाखान्याच्या दारांतूनच परत पाठविण्याचे ते दिवस होते. अशा वेळीं त्यांनीं १९९३ मध्यें आपल्या वडिलांच्या नांवानें एड्ससंबंधीं संशोधन व शुश्रूषा करणारी संस्था काढली, आणि २०१५ सालीं निधन होईपर्यंत तें काम सोडलें नाहीं.

हा विषाणु इतरांहून इतका निराळा कां, हें समजण्यासाठीं आपल्या जुन्या गांवगाड्याची उपमा घेऊं. गांवांत चोर शिरला तर त्यास पकडणारा जागल्या असतो. पण जागल्यास हुकूम देणारा पाटील असतो, आणि गांवाचें सारें दप्तर लिहून ठेवणारा कुळकर्णी असतो. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत अशीच व्यवस्था आहे. कांहीं पेशी रोगजंतूंनीं ग्रासलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करतात. त्यांना मारक पेशी म्हणूं. दुसऱ्या कांहीं पेशी त्यांना इशारा देतात, जंतूंविरुद्ध प्रतिपिंडें तयार करणाऱ्या पेशींनाही कामास लावतात. त्या मदतनीस पेशी. एचआयव्ही हा विषाणु नेमका या मदतनीस पेशींतच शिरतो. म्हणजे चोर पाटलाच्याच वाड्यांत बिऱ्हाड करतो! निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत या पेशी साधारणतः पांचशेंपासून पंधराशेंपर्यंत असतात. उपचार न झाल्यास त्या वर्षानुवर्षें घटत जातात, आणि दोनशेंच्या खालीं गेल्या म्हणजे एरवीं निरुपद्रवी असणारे जंतूही प्राणघातक होतात.

परंतु याहून मोठी अडचण पुढेंच आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत तिचें दप्तर असतें, म्हणजे तिनें काय करावें व काय घडवावें याचा आनुवंशिक लेख असतो. हा विषाणु आपला लेख त्या दप्तराच्या लिपींत उतरवितो आणि मूळ लेखांत बेमालूम चिकटवून देतो. एखाद्या लबाडानें कुळकर्ण्याच्या दप्तरांत खोटें पान शिवून टाकावें, पुढें ज्यानें ज्यानें नक्कल केली त्यानें तें पानही इमानें इतबारें उतरून घ्यावें, तशांतली ही गत. यांतील कांहीं पेशी दीर्घकाळ स्वस्थ झोंपून असतात. दप्तर बांधलेलें, वाड्यांत सामसूम. जागल्यानें दारावरून शंभर वेळां फेरी मारली तरी आंत खोटें पान आहे हें त्यास कळावें कसें? अशा निद्रिस्त पेशी फार नसतात. विश्रांत मदतनीस पेशींपैकीं दहा लाखांत सुमारें एखादीच. पण ती एखादी जागी झाली कीं पुन्हां विषाणूंची पैदास सुरू होते.

त्यांत भर म्हणून हा विषाणु सारखें रूप पालटतो. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरांत दररोज सुमारें एक हजार कोटि नवे कण निर्माण होतात असा १९९६ मध्यें शास्त्रज्ञांनीं अंदाज केला. या विषाणूचा लेख जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांचा आहे, पण तो उतरून घेण्याचें त्याचें काम फार गबाळें आहे. नकलेंत चुका होतात, आणि त्यांतील एखादी चूक अशी निघते कीं, मारक पेशी ज्या खुणेनें चोरास ओळखीत होत्या ती खूणच नाहींशी होते. गबाळेपणाचा असा फायदा निसर्गांत फारच थोड्यांच्या वांट्यास आला असेल.

औषधांनीं मोठा पराक्रम केला आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९८७ मध्यें पहिलें औषध आलें. परंतु एकट्या औषधास विषाणु लवकरच दाद देईनासा होई. १९९६ पासून तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली आणि मरणाच्या दारांतील माणसें उठून कामास लागलीं. आपल्या देशांत १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून हीं औषधें मोफत मिळूं लागलीं, आणि आज बहुतेकांना दिवसाकांठीं एकच गोळी पुरते. जो मनुष्य ती नियमानें घेतो त्याच्या रक्तांतील विषाणु चांचणींत दिसेनासा होतो, त्यास निरोगी माणसाइतकें आयुष्य लाभण्याची आशा असते, व शरीरसंबंधानेंही त्याच्यापासून दुसऱ्यास संसर्ग होत नाहीं. गर्भवती स्त्रीनें औषध घेतल्यास बाळास रोग होण्याची भीति फारच थोडी उरते. आणि औषध घेवो वा न घेवो, एका पंक्तीस जेवल्यानें, एका बांकावर बसल्यानें, हातांत हात घेतल्यानें हा रोग कोणालाही लागत नाहीं. पालकांपैकीं कोणाच्या मनांत याविषयीं अजून किंतु असेल तर तो त्यांनीं कृपा करून काढून टाकावा. कारण शाळेच्या बांकावरून उठविलेल्या मुलास विषाणूपेक्षां त्या उठविण्याचीच जखम अधिक होते.

मग लस कशाला, असें कोणी म्हणेल. तर औषध केवळ पैदास थांबवितें. दप्तरांतील खोटें पान त्याला फाडतां येत नाहीं. १९९७ मध्यें अमेरिकेंतील तीन निरनिराळ्या चमूंनीं दाखवून दिलें कीं, उत्तम औषधोपचार चालू असलेल्या माणसांतही त्या निद्रिस्त पेशी शिल्लक असतात. त्या इतक्या सावकाश घटतात कीं, केवळ औषधाच्या जोरावर त्या संपण्यास सत्तरांहून अधिक वर्षें लागतील असा बॉल्टिमोर येथील रॉबर्ट सिलिसियानो यांच्या चमूचा पुढील हिशेब होता. गोळी बंद केली कीं बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणु पुन्हां उसळतो. सहा वर्षांच्या मुलास लागलेली गोळी सोळाव्या वर्षीं, परीक्षेच्या दिवशीं, मित्रांसमवेत सहलीस गेल्यावर, पुढें परगांवीं नोकरीस लागल्यावर, नव्या घरीं नांदूं लागल्यावर चुकवून चालत नाहीं; आणि ती घेतांना कोणी पाहील ही धास्ती तर गोळीहून कडू. पूर, दंगल, टाळेबंदी अशा प्रसंगीं औषधाची वाट तुटली तर काय, हाही प्रश्न आहेच. शरीरानें स्वतःच्या बळावर विषाणूस दाबून धरलें तर या माणसांचा केवढा भार हलका होईल!

तें अशक्य नाहीं याचा पुरावा निसर्गानेंच ठेवला आहे. विषाणु शरीरांत शिरूनही औषधावांचून वर्षानुवर्षें ज्यांच्या रक्तांत तो चांचणीस सांपडत नाहीं अशीं थोडीं माणसें असतात. शंभरांत एकाहूनही कमी, पण असतात. त्यांच्यापैकीं पुष्कळांत कांहीं विशिष्ट जनुकें आढळतात, आणि त्यांच्या मारक पेशी विषाणूच्या लेखांतील अशा भागांवर नेम धरतात कीं, जो भाग बदलल्यास विषाणूचेंच कंबरडें मोडावें. चोरानें टोपी बदलली, अंगरखा बदलला. पण लंगडा पाय तो कसा बदलणार? हे जागले पाय पाहतात. हेंच कौशल्य इतरांच्या मारक पेशींना शिकवितां आलें तर? उपचारलसीची सारी आशा या एका प्रश्नावर उभी आहे.

हा मार्ग प्रथम जोरानें सुचविणारांत एक फार मोठें नांव आहे: जोनास सॉक. १९५५ सालीं ज्यांची पोलिओवरील लस यशस्वी झाल्याचें जाहीर झालें तेच हे. मेलेल्या विषाणूपासून लस करून त्यांनीं पोलिओ हटविला होता. १९८७ मध्यें, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, त्यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत असें मांडलें कीं, एचआयव्हीचा संसर्ग झालेल्यांना मारलेला विषाणु टोंचून त्यांची प्रतिकारशक्ति वाढवावी. कॅलिफोर्नियांतील एका कंपनीनें ही लस बनविली. विषाणु रसायनानें व किरणांनीं निर्जीव केलेला होता. त्याच्या बाह्य आवरणावरचें एक द्रव्य काढून टाकलेलें होतें. आणि तो तेलकट द्रव्यांत मिसळून दर बारा आठवड्यांनीं स्नायूंत टोंचावयाचा होता. लसीचें नांव रेम्यून. लहान प्रयोगांत लस घेणाऱ्यांच्या पेशी प्रयोगशाळेंतील कांचनळींत विषाणूच्या द्रव्यास उत्तम प्रतिसाद देत, आणि त्यामुळें मोठी आशा उत्पन्न झाली. सॉक मात्र तिचा निर्णय पाहण्यास राहिले नाहींत. १९९५ च्या जूनमध्यें ते वारले.

१९९६ मध्यें मोठी परीक्षा सुरू झाली. अमेरिकेंतील ७७ केंद्रें, २५२७ रोगी. निम्म्यांना लस, निम्म्यांना लसीसारखें दिसणारें पण विषाणूचा अंश नसलेलें मिश्रण. आणि कोणास काय मिळालें हें रोग्यासही ठाऊक नाहीं, टोंचणाऱ्या डॉक्टरासही नाहीं. या पद्धतीचें मर्म विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. लस घेतलेला मनुष्य बरा राहिला तर तो लसीमुळेंच राहिला असें म्हणण्याची घाई आपल्या सर्वांनाच होते. पण तो एरवींही बरा राहिला असता काय, हें सांगण्यासाठीं शेजारीं लस न घेतलेला दुसरा मनुष्य उभा असावा लागतो. १९९९ च्या मे महिन्यांत परीक्षेवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळानें ती थांबविण्याची शिफारस केली. हिशेब असा निघाला: लस घेतलेल्या गटांत रोग वाढून एड्स झालेले वा मृत्यु पावलेले ५३, लस न घेतलेल्या गटांतही ५३.

न्याय्य बोलावयाचें तर लसीचें नशीबही आड आलें. परीक्षा सुरू झाली त्याच सुमारास तीन औषधांची नवी पद्धति आली, रोगी दोन्ही गटांत बरे होऊं लागले, आणि फरक दिसण्यास जागाच उरली नाहीं. तरीही पुढें जें घडलें तें शोभादायक नव्हतें. संशोधकांचे प्रमुख, सान फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील जेम्स कान व हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ स्टीफन लागाकोस, यांनीं निकाल प्रसिद्ध करण्याचें ठरविलें. रोग्यांपैकीं एका लहान गटांत विषाणु थोडा कमी झाल्याचें दिसत होतें, व त्या गटाचा आपण केलेला हिशेब लेखांत घ्यावा असा कंपनीचा आग्रह होता. संशोधकांनीं तो मानला नाहीं. तेव्हां कंपनीनें सर्व माहिती देण्याचें नाकारलें, आणि लेख २००० च्या नोव्हेंबरमध्यें अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत छापून येईपर्यंत विद्यापीठाकडे सत्तर लक्ष ते एक कोटि डॉलर नुकसानभरपाईची मागणी करून ती मोकळी झाली होती. लेख छापला गेला तो हातीं असलेल्या माहितीवरच. अडीच हजार माणसांनीं आपला दंड पुढें केला होता तो ‘लस चालत नाहीं’ हें कळण्यासाठींही केला होता. तें कळणें हा त्यांचा हक्क होता, असें आम्हांस वाटतें.

या परीक्षेनें कॉख यांच्या काळचा प्रश्न पुन्हां उभा केला. कांचनळींतील पेशी खवळल्या, पण रोग्यास गुण आला नाहीं. मग लस खरोखर काम करते हें ओळखावें कशानें? शास्त्रज्ञांचें उत्तर असें कीं, लस द्यावी, मग नेहमींचें औषध थांबवावें, आणि विषाणु केव्हां व किती उसळतो तें रोज नाहीं तरी आठवड्याच्या आठवड्यास मोजावें. उत्तर सोपें आहे, पण त्याची किंमत रोग्यास द्यावी लागते. औषध थांबविणें निर्धोक नाहीं हें २००६ मध्यें निर्विवाद सिद्ध झालें. तेहतीस देशांतील ५४७२ रोग्यांच्या एका मोठ्या अभ्यासांत निम्म्यांनीं औषध अखंड घेतलें, व निम्म्यांनीं मदतनीस पेशींची संख्या पाहून मधून मधून थांबविलें. थांबविणाऱ्यांत रोग व मृत्यु दोन्ही अधिक झाल्यामुळें तो प्रयोग मध्येंच बंद करावा लागला. म्हणून आतांच्या परीक्षांत औषध थोडेच आठवडे, कडक पहाऱ्यांत थांबवितात, व विषाणु ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातांच पुन्हां सुरू करतात. या काळांत जोडीदारास संसर्ग होण्याचा धोकाही असतो. त्याची समज आधीं द्यावी लागते. ज्यांची प्रकृति गोळीमुळें ठणठणीत आहे अशीं माणसें दुसऱ्यांच्या भल्यासाठीं ही जोखीम पत्करतात. घरीं कोणी स्वतःहून असा प्रयोग कदापि करूं नये, हें सांगावयास नकोच, तरी सांगून ठेवतों.

अशा परीक्षांपैकीं बार्सिलोना येथील एक विशेष लक्ष देण्यासारखी आहे. त्या शहराजवळील बादालोना येथें बेआत्रिस मोते व क्रिस्टियन ब्रांडर यांच्या चमूनें प्रथम पुष्कळ रोग्यांच्या मारक पेशींचा अभ्यास केला, आणि ज्यांच्यांत विषाणु दबलेला असतो त्यांच्या पेशी त्याच्या लेखांतील कोणत्या भागांवर नेम धरतात याची निवड केली. मग मेलेला अख्खा विषाणु न देतां तेवढेच निवडक भाग तीन निरनिराळ्या निरुपद्रवी वाहकांवर चढवून, एकामागून एक टोंचण्याचें ठरविलें. सॉक यांनीं चोराचें संपूर्ण चित्र जागल्यास दाखविलें होतें. यांनीं फक्त लंगडा पाय दाखविला. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेंत ४५ जण होते, व त्या सर्वांनीं संसर्गानंतर फार लवकर औषध सुरू केलेलें होतें. त्यांपैकीं ४१ जणांनीं पुढें औषध थांबविलें. २६ लस घेतलेले, १५ खोटी लस घेतलेले. जन्मतःच अनुकूल जनुकें लाभलेल्यांना बाजूस ठेवून हिशेब केला असतां, लस घेतलेल्या २० पैकीं ८ जण २२ आठवडे औषधावांचून राहूं शकले. खोटी लस घेतलेल्या १२ पैकीं एकच राहूं शकला. आठास एक हा आंकडा डोळ्यांत भरतो खरा. पण संख्या लहान आहे. हिशेब पुन्हां एका निवडलेल्या गटाचाच आहे, आणि या आठांतही विषाणु नाहींसा झाला नव्हता, खालच्या पातळीवर रेंगाळत होता. रेम्यूनची हकीगत ठाऊक असलेला वाचक येथें आनंद करील, पण पेढे वांटणार नाहीं.

एकट्या लसीनें भागणार नाहीं, असें आतां बहुतेक संशोधकांचें मत झालेलें दिसतें. थकलेल्या मारक पेशींना नुसतें शिकवून पुरत नाहीं. त्यांना ताजें करावें लागतें, आणि त्या काम करूं लागेपर्यंत विषाणूस दुसऱ्या कोणी थोपवून धरावें लागतें. ज्या विद्यापीठांत कान काम करीत त्याच सान फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठांत याच विचारानें एक प्रयोग झाला, व तो २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. दहा जणांना आधीं लस दिली. नंतर विषाणूच्या पुष्कळ जातींना अडविणारीं दोन प्रतिपिंडें बाहेरून टोंचलीं, प्रतिकारशक्तीस जाग आणणारें आणखी एक द्रव्य दिलें, आणि मग औषध थांबविलें. दहांपैकीं सात जणांत विषाणु उसळला तरी सावकाश उसळला व कित्येक महिने कमी प्रमाणांत राहिला. या प्रयोगांत लस न घेतलेला दुसरा गट मात्र नव्हता. तेव्हां त्या सातांपैकीं कितींना गुण लसीमुळें आला, कितींना प्रतिपिंडांमुळें व कितींना एरवींही आला असता, हें सांगण्यासाठीं आतां दोन गटांची, अधिक माणसांची परीक्षा करावी लागणार आहे; आणि तोंपर्यंत रोग्यांना दररोजच्या गोळीचाच आधार आहे.